हात वर न करता होणारे ठराव

27 मार्च 2025 रोजी संध्याकाळी लंडनच्या सेंट मार्टिन्स लेनवरील क्वेकर सभागृहाचे दार तोडून वीसहून अधिक पोलीस आत शिरले. 'यूथ डिमांड' या संघटनेने तिथली खोली भाड्याने घेतली होती आणि हवामानबदल व गाझा या विषयांवर बैठक चालू होती. सहा जणींना अटक झाली. क्वेकर सभागृहातून कुणाला पकडून नेल्याचे हयात पिढीला आठवत नाही, असे ब्रिटनच्या क्वेकरांनी सांगितले. सतराव्या शतकातल्या त्यांच्या पूर्वजांना मात्र यात नवल वाटले नसते. तुरुंग त्यांच्या ओळखीचाच होता.

त्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स सांगू लागला की प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे, मग मध्ये पुरोहित कशाला? त्यातून क्वेकर हा ख्रिस्ती पंथ उभा राहिला. ब्रिटनमध्ये आजही उपासना म्हणजे सगळ्यांनी गप्प बसणे; आतून बोलावेसे वाटले तर कुणीही उठून बोलावे. कामकाजाची बैठकही तशीच चालते. मतदान होत नाही. सभेचा कल ओळखून कारकून तिथल्या तिथे ठराव लिहितो आणि वाचून दाखवतो. मन जुळले नाही, तर विषय पुढच्या बैठकीवर जातो.

ही पद्धत फार सावकाश चालते. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनमध्ये 1688 साली गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध झाला. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सभासदांना गुलाम बाळगायला बंदी केली ती 1776 मध्ये. मधली 88 वर्षे अनेक क्वेकर गुलामांच्या घामावर सुखात राहिले, हे विसरून त्यांचे गोडवे गाऊ नयेत. त्याच काळात न्यू जर्सीचा शिंपी जॉन वुलमन गुलाममालक क्वेकरांच्या घरी जाऊन त्यांच्याशी शांतपणे बोलत असे. पाहुणचार घेतला की राबणाऱ्या गुलामांना मजुरी देऊन निघे. पुढे त्याने रंगवलेले कपडेही सोडले. 1772 मध्ये इंग्लंडला गेल्यावर प्रवासी गाड्यांच्या घोड्यांचे आणि टपालाच्या पोरांचे हाल पाहून तो पायीच फिरला, आणि यॉर्कमध्ये देवीच्या रोगाने गेला.

आपल्या चैनीची किंमत कोण मोजतो, हा वुलमनचा प्रश्न मला क्वेकरांच्या शांततावादापेक्षाही मोलाचा वाटतो. तो त्यांना नेहमी पेलला असे नाही. कॅडबरी हे क्वेकर घराणे. साओ टोमे बेटावरचा कोको गुलामसदृश मजुरीतून येतो, हे 1901 पासून कानावर असूनही त्यांनी खरेदी थांबवली 1909 मध्ये.

ब्रिटनच्या क्वेकरांनी 2011 मध्ये कँटरबरीच्या वार्षिक सभेत कमी कार्बनवर जगणारा समाज होण्याचे ठरवले आणि 2013 मध्ये खनिज इंधनाच्या कंपन्यांतून आपला निधी काढून घेण्याचा निर्णय घेतला. सगळे क्वेकर असे एका सुरात बोलतात असे मात्र नाही. जगातले सर्वाधिक क्वेकर केनियात आहेत. तिथे पाद्री आहेत, गाणी आहेत, आणि ब्रिटनने 2009 मध्ये मान्य केलेला समलिंगी विवाह तिथल्या बहुतेकांना अमान्य आहे.

वुलमनचा प्रश्न जगून दाखवणाऱ्या क्वेकरांचे आपल्याकडचे ठळक उदाहरण लॉरी बेकर. युद्धकाळात चीनमध्ये रुग्णसेवा करून परतताना हा क्वेकर वास्तुविशारद जहाजाची वाट पाहत मुंबईत अडकला आणि गांधीजींना भेटला. घराचे साहित्य पाच मैलांच्या आत मिळावे, हा त्यांचा सल्ला त्याने पुढे केरळमध्ये मनावर घेतला. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी सोडणाऱ्या त्याच्या भिंतींत सुमारे पाव विटा वाचतात.

फिलाडेल्फियात 2010 मध्ये क्वेकरांनी सुरू केलेल्या 'अर्थ क्वेकर ॲक्शन टीम'ने थेट बँक गाठली. अ‍ॅपलाचिया भागात डोंगरमाथे उडवून कोळसा काढणाऱ्या कंपन्यांना पीएनसी बँक कर्ज देत होती. आंदोलक बँकेच्या दालनात जाऊन मौन उपासनेला बसत, पोलीस उचलून नेत. मार्च 2015 मध्ये बँकेने या कर्जांतून माघार जाहीर केली. पुढे मोर्चा वळला व्हॅनगार्ड या अवाढव्य गुंतवणूक कंपनीकडे. डिसेंबर 2022 मध्ये व्हॅनगार्डने उलट हवामान रक्षणाची हमी देणाऱ्या गुंतवणूक संस्थांच्या आघाडीतूनच अंग काढून घेतले.