आरमोरीच्या वाटा आणि नकाशे

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कागदावर गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीची जागा मोठी गैरसोयीची आहे. गावाच्या पूर्वेला अगदी जवळून 80 अंश रेखांश जातो आणि 55 पी हे नकाशाचं पत्रक (टोपोशीट) तिथेच संपतं; कुरखेडा, कोरचीकडचा मुलूख 64 डी मध्ये. म्हणजे टोपोशीटच्या जमान्यात इथून पूर्वेकडचा मार्ग आखायचा तर दोन कागद कडेला कड लावून बसावं लागे. मोबाइलच्या नकाशाला अशी कड नाही. ही सोय खरीच, पण तिच्याबरोबर एक गोष्ट निसटली: वाट सापडणं सोपं झालं आणि वाटेची प्रत मात्र नकाशावरून पुसली गेली.

जुन्या पत्रकांमागची मोजणी 1802 साली मद्रासकडून सुरू झाली. तिचा प्रमुख विल्यम लॅम्टन जानेवारी 1823 मध्ये इकडेच, हिंगणघाटला वारला. या मोजणीच्या पायावर पुढे जी पत्रकं निघाली, त्यांत पक्की सडक, कच्चा रस्ता, गाडीवाट आणि पाऊलवाट यांच्या रेघा वेगवेगळ्या होत्या. कोरड्या पडणाऱ्या नाल्याची रेघ काळी, पाणी टिकणाऱ्या पात्राची निळी. नदीच्या उताराची जागा दाखवलेली, जंगल दाट की विरळ तेही. गाडीवाट निळी रेघ ओलांडते आणि तिथे पूल नाही, एवढं दिसलं की आषाढ-श्रावणात ती वाट नाही हे जाणकाराला कोणाला न विचारता कळे. (जाणकार असावा लागे, हेही खरं.)

ती पत्रकं शिळी होती, अनेकदा काही दशकांपूर्वीच्या पाहणीवरची, हा आक्षेप रास्त आहे. 2000 नंतर प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून झालेले रस्ते त्यांच्यावर कुठून असणार? पण माहिती जुनी असणं वेगळं आणि माहितीचा एक प्रकारच गायब होणं वेगळं. आजच्या पडद्यावर डांबरी सडक म्हणजे एक अखंड रेघ. त्या रेघेखाली कुठे उंच पूल आहे, कुठे ठेंगणा पूल आणि कुठे नुसता रपटा, हे ती सांगत नाही. आरमोरी तालुक्यात गाढवी आणि खोब्रागडी, पलीकडे वैनगंगा. मोठी नदी फुगली की उपनदीचं पाणी मागे तुंबतं आणि ठेंगणे पूल बुडतात. भामरागडला इंद्रावतीमुळे पर्लकोटेचं तेच होतं. पूर इथल्याच पावसाचा असतो असंही नाही: ऑगस्ट 2020 अखेरचा वैनगंगेचा पूर मध्य प्रदेशातल्या पावसाने आणि गोसीखुर्दच्या विसर्गाने आला. स्थानिक आभाळ पाहून त्याचा अंदाज बांधणं अवघडच होतं.

मोबाइल तर ताजी परिस्थिती दाखवतो, असं कोणी म्हणेल. तो अंदाज रस्त्यावर हलणाऱ्या इतर मोबाइलांवरून बांधला जातो. पुण्यात तो जमतो, कारण तिथे मोबाइलांना तोटा नाही. कोरचीच्या रस्त्यावर रात्री वाहनं विरळ आणि रेंजही बेभरवशाची. तिथे काहीच खबर नसणं म्हणजे रस्ता मोकळा असणं नव्हे. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन बंद मार्गांची यादी काढतं, आणि जिल्ह्याचा खरा पावसाळी नकाशा तीच यादी आहे. फक्त ती अक्षरांत असते, रेषांत नाही. यावर दुसरं उत्तर मिळतं की इथल्या माणसाला रस्ते पाठ असतात. असतात, पण नकाशा त्याच्यासाठी नसतोच. तो लागतो 108 रुग्णवाहिकेच्या नव्या चालकाला, निवडणूक पथकाला, बदलून आलेल्या शिक्षकाला, धानाचा ट्रक घेऊन आलेल्या परगावच्या माणसाला. पाठ असलेली वाट कागदावर उतरू शकत नाही असंही नाही: 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दाव्यांसाठी गावांनी आपल्या जंगलाच्या सीमा नकाशावर आणल्याच, आणि धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये हक्कही मिळाला.

मग अडचण कशाची होती? बरीच वर्षं नियमांची. 2005 च्या नकाशा धोरणाने नागरिकांसाठीची आणि संरक्षण दलाची पत्रकं वेगळी केली, तरी नकाशे वापरून नवं काही करण्यावरची बंधनं बऱ्याच अंशी उठली ती फेब्रुवारी 2021 मध्ये. पुलांची उंची बांधकाम खात्यांच्या आराखड्यांत असते, आणि वैनगंगेची पातळी केंद्रीय जल आयोग आष्टीला मोजतो. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून रस्त्याच्या रेघेवर लिहिणं, एवढंच काम आहे; त्यासाठी ना उपग्रह लागतो ना नवा कायदा.