विश्लेषण : औषधाचा कारखाना बारीक नळीत? एन्झाइम आणि मायक्रोरिअ‍ॅक्टरची जोडी काय साधते?

मधुमेहींना परिचित असलेल्या सिटाग्लिप्टिन या औषधाच्या निर्मितीत पूर्वी ऱ्होडियम हा महागडा धातू आणि उच्च दाबाखालील हायड्रोजन लागे. तेच काम एन्झाइमने करता येते, हे २०१०मध्ये सिद्ध झाले. आता पुढचा प्रश्न आहे, हे काम मोठ्या टाकीऐवजी बारीक नळीत का करू नये?

एन्झाइम काय करते?

पोळी बराच वेळ चावली की गोड लागते, कारण लाळेतील अमायलेज हे एन्झाइम (विकर) पिष्टाचे रूपांतर साखरेत करते. असे प्रथिन साध्या तापमानाला, पाण्यात, नेमकी एकच अभिक्रिया घडवते. मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांनी एका एन्झाइममध्ये टप्प्याटप्प्याने बदल करून ते सिटाग्लिप्टिनसाठी घडवले. त्यामुळे एकूण उतारा १० ते १३ टक्क्यांनी वाढला, कचरा १९ टक्क्यांनी घटला आणि जड धातूंची गरजच उरली नाही. एन्झाइम असे ‘घडवण्याच्या’ तंत्रासाठी फ्रान्सिस अरनॉल्ड यांना २०१८चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

मायक्रोरिअ‍ॅक्टर म्हणजे काय?

पंगतीच्या मोठ्या पातेल्यातला भात तळाशी करपतो आणि वर कच्चा राहतो. रसायनांच्या टाकीतही उष्णता अशीच असमान पसरते. मायक्रोरिअ‍ॅक्टरमधील नळ्या साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी रुंद असतात. कच्चा माल एका टोकाने जातो, उत्पादन दुसऱ्या टोकाने अखंड बाहेर पडते. नळीची रुंदी दहापट कमी केली, तर रेणू आपोआप एकमेकांत मिसळण्याचा वेळ शंभरपट कमी होतो.

दोन्ही एकत्र का?

टाकीत विरघळलेले एन्झाइम उत्पादनात मिसळते आणि बहुधा वाया जाते. ते नळीच्या भिंतीवर किंवा आत भरलेल्या मण्यांवर पक्के बसवले, तर द्रव वाहून जातो, एन्झाइम जागेवरच राहते आणि पुन्हा पुन्हा कामी येते. ही कल्पना जुनी आहे. जपानच्या तनाबे सेइयाकू कंपनीने १९६९मध्ये अमिनो आम्लांसाठी असे स्तंभ उद्योगात वापरले. सूक्ष्म नळ्या हा त्याचाच पुढचा टप्पा. वेगवेगळी एन्झाइम एकापाठोपाठ बसवून अनेक पायऱ्या सलग करता येतात, हा आणखी एक फायदा.

सुरक्षेशी संबंध कसा?

डोंबिवली, तारापूर, महाडच्या रहिवाशांना रासायनिक कारखान्यांतील स्फोटांची धास्ती ठाऊक आहे. नळीत एका वेळी अगदी थोडे रसायन असते. त्यामुळे बिघाड झाला तरी हानीची व्याप्ती मर्यादित राहते. मात्र कच्च्या मालाच्या साठवणुकीचा धोका यातून सुटत नाही.

मग अडचण कुठे?

घन कण साचले की नळी तुंबते. एन्झाइम हळूहळू सुटून वाहून जाते किंवा क्षीण होते. अनेक औषधी रेणू पाण्यात नीट विरघळत नाहीत, तर सेंद्रिय द्रावकात बरीच एन्झाइम टिकत नाहीत. उत्पादन वाढवायचे तर नळी रुंद करून चालत नाही. अनेक नळ्या समांतर जोडून प्रत्येकीत सारखा प्रवाह राखावा लागतो.

भारतात काय स्थिती?

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) अखंड प्रवाहाच्या रसायननिर्मितीवर काम होत आले आहे. प्रत्येक रसायनासाठी हे तंत्र परवडेलच असे नाही. स्वस्त, घाऊक रसायनांसाठी टाक्या राहतीलच. पण महागड्या, नाजूक औषधी रेणूंसाठी एन्झाइम किती दिवस टिकते, यावर या नळ्यांचे भवितव्य ठरेल.