वाऱ्याच्या उजवीकडे



पावसाळ्यात जालन्याच्या कुंडलिका नदीला पाणी येते. ते पुढे दुधनेला, दुधनेतून पूर्णेला आणि पूर्णेतून गोदावरीला मिळते. वाटेत धरणे, बंधारे, शेते आणि विहिरी आपापला वाटा काढून घेतात. तरीही चांगल्या पावसाच्या वर्षी त्यातले थोडे पाणी बंगालच्या उपसागरापर्यंत पोहोचते. येथवरची हकिगत तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात आहे. पण समुद्राला मिळाल्यावर त्या पाण्याचे पुढे काय होते?

वर्गात सागरी प्रवाहांचा विषय निघाला की एखादा विद्यार्थी मला हमखास विचारतो, "सर, आपल्या जिल्ह्याला समुद्रच नाही. मग हे आपण कशाला शिकायचे?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी आपल्याला आधी थेट उत्तर ध्रुवाकडे जावे लागेल.

नॉर्वेचा धाडसी संशोधक फ्रिट्योफ नान्सेन १८९३ मध्ये 'फ्राम' नावाचे जहाज घेऊन ध्रुवप्रदेशात गेला. त्याने ते जहाज मुद्दामच बर्फात अडकू दिले. बर्फाबरोबर ते आपोआप वाहत जाईल, हा त्याचा कयास खरा ठरला आणि १८९६ मध्ये जहाज सुखरूप बाहेर पडले. या काळात नान्सेनने एक चमत्कारिक गोष्ट टिपून ठेवली. बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ जात नव्हता. तो वाऱ्याच्या उजव्या बाजूला २० ते ४० अंशांनी कलून जात होता. हा पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याचा परिणाम असावा, असे त्याला वाटले. पण त्याला गणिताची जोड हवी होती. त्याने ही अडचण प्रा. विल्हेल्म बियर्कनेस यांना सांगितली आणि त्यांनी हे काम आपल्या एका विद्यार्थ्याकडे सोपवले. त्याचे नाव वाग्न वालफ्रिड एकमन.

एकमनचा जन्म ३ मे १८७४ रोजी स्टॉकहोम येथे झाला. त्याचे वडीलही सागरविज्ञानाचे अभ्यासक होते. उप्साला विद्यापीठात तो पदार्थविज्ञान शिकत होता. पण बियर्कनेस यांची द्रवगतीवरील व्याख्याने ऐकली आणि त्याची वाट ठरून गेली. नान्सेनच्या कोड्याचे उत्तर त्याने १९०२ मध्ये प्रबंधरूपाने मांडले.

ते उत्तर समजण्यासाठी एक प्रयोग करा. पुठ्ठ्याची वाटोळी चकती कापून तिच्या मध्यभागी टाचणी टोचा. मित्राला ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सावकाश फिरवायला सांगा; उत्तर ध्रुवावरून पाहिले तर पृथ्वी अशीच फिरताना दिसेल. आता चकतीच्या किंचित वर पट्टी स्थिर धरा आणि पट्टीच्या कडेने मध्यापासून बाहेरच्या दिशेने रेघ ओढा. तुमचा हात सरळ गेला, पण चकतीवरची रेघ उजवीकडे वळलेली दिसेल. फिरत्या पृथ्वीवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूला असेच वळण मिळते. याला कोरिऑलिस परिणाम म्हणतात. उत्तर गोलार्धात हे वळण उजवीकडे असते, दक्षिण गोलार्धात डावीकडे.

आता दहा वह्या एकावर एक ठेवा आणि सर्वांत वरची वही तळहाताने पुढे रेटा. घर्षणामुळे खालच्या वह्याही थोड्या थोड्या सरकतात. समुद्राचे पाणीही अशा थरांचेच आहे, असे समजा. वारा वरच्या थराला ढकलतो, वरचा थर खालच्याला ओढतो, आणि प्रत्येक थर आपल्या वरच्या थरापेक्षा आणखी थोडा उजवीकडे वळतो. एकमनच्या गणिताप्रमाणे पृष्ठभागावरचे पाणी वाऱ्याच्या ४५ अंश उजवीकडे जाते. खाली जावे तसतसा वेग घटतो आणि दिशा फिरत जाते. एका खोलीवर तर पाणी पृष्ठभागाच्या नेमके उलट दिशेने वाहते. मात्र तेथे वेग पृष्ठभागाच्या सुमारे तेविसाव्या हिश्शाइतकाच उरतो. या जिन्यासारख्या रचनेला 'एकमन सर्पिल' म्हणतात. सर्व थरांची बेरीज केली की निष्कर्ष निघतो तो असा: उत्तर गोलार्धात वाऱ्याने हलवलेले पाणी एकूणात वाऱ्याच्या काटकोनात, उजवीकडे जाते.

एकमन नुसता कागदावरचा शास्त्रज्ञ नव्हता. प्रवाह मोजण्यासाठी त्याने एक सुरेख यंत्र बनवले. पाण्याच्या जोराने त्यातला पंखा फिरे, त्याचे फेरे मोजले जात, आणि मधूनमधून एक लहान गोळी होकायंत्राच्या कप्प्यात पडे. यंत्र वर काढल्यावर कोणत्या कप्प्यात किती गोळ्या आहेत, यावरून प्रवाहाची दिशा कळे. विजेची जरूरच नाही! १९१० ते १९३९ पर्यंत तो लुंड विद्यापीठात प्राध्यापक होता. १९३० मध्ये आफ्रिकेच्या वायव्येस जाऊन त्याने घेतलेल्या मोजमापांचा निष्कर्ष १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्ये तेवीस वर्षे गेली! पुढच्याच वर्षी, ९ मार्च १९५४ रोजी, त्याचे निधन झाले. मोकळ्या समुद्रात त्याच्या नियमाची नीट पडताळणी होण्यास १९८० चे दशक उजाडावे लागले.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. पावसाळ्यातला वारा नैर्ऋत्येचा, हे खरे. पण भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळ तो वळतो आणि पश्चिम-वायव्येकडून येतो. त्याचा एक घटक किनाऱ्याला समांतर, दक्षिणेकडे असतो. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. तुमचा उजवा हात कोठे आला? पश्चिमेला, म्हणजे खोल समुद्राकडे. वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर जाते आणि त्याची जागा भरून काढण्यासाठी खालचे थंड पाणी वर येते. केरळ-कर्नाटकाकडे हे अधिक घडते, उत्तरेकडे कमी होत जाते. या पाण्यात क्षारांचे खत असते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांच्यावर तारली, बांगडा यांसारख्या माशांचे पोषण होते. मात्र याच पाण्यात प्राणवायू कमी असतो. तो फारच घटला तर मासे ती जागा सोडतात.

याच दिवसांत किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ 'एमएससी एल्सा ३' हे मालवाहू जहाज बुडाले. त्यावरचे कंटेनर आणि प्लास्टिकचे बारीक दाणे अलप्पुळा, कोल्लम, तिरुवनंतपुरम अशा कोचीच्या दक्षिणेकडील किनाऱ्यांवर येऊन लागले. प्रवाहाची दिशा माहीत असणे किती मोलाचे आहे, हे अशा वेळी समजते.

हीच दुर्घटना डिसेंबरात घडली असती तर? तेव्हा वारा उत्तरेकडून येत असतो, म्हणून प्रवाहही दक्षिणेकडेच असेल, असे तुम्ही म्हणाल. पण प्रत्यक्षात हिवाळ्यात हा प्रवाह उत्तरेकडे, म्हणजे वाऱ्याविरुद्ध वाहतो! बुडालेल्या जहाजातून पाण्याबरोबर वाहत निघालेल्या वस्तूंचा शोध मग उत्तरेकडेही घ्यावा लागला असता.

येथे एकमनच्या नियमाला दुसऱ्या नियमाची जोड लागते. गोव्यात दोनापावल येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिची स्थापना १ जानेवारी १९६६ रोजी झाली. तेथील डॉ. सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७-८८ च्या सुमारास जहाजातून या किनाऱ्यावर मोजमापे घेतली; पाण्याचे तापमान आणि खारटपणा नोंदवला. त्यांना आढळले ते असे: हिवाळ्यात दक्षिणेकडचे पाणी कमी खारट, म्हणून हलके असते. हलके पाणी किंचित फुगून उभे राहते आणि समुद्राची पातळी दक्षिणेकडून उत्तरेकडे उतरती होते. उतार अगदी थोडा, पण दुबळ्या वाऱ्यावर मात करायला तो पुरेसा होतो. या संशोधकांनी आणखी एक धागा जोडला. बंगालच्या उपसागरावरील वाऱ्यांनी उठलेल्या काही संथ लाटा किनारा आपल्या उजव्या हाताला ठेवून भारताला वळसा घालतात आणि पश्चिम किनाऱ्याने वर सरकतात. येथेही पुन्हा उजवा हात आलाच! डॉ. शेट्ये यांना १९९२ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. २००४ ते २०१२ या काळात ते संस्थेचे संचालक होते.

मग हे कमी खारट पाणी येते कोठून? बंगालच्या उपसागरातून. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी आणि आपली गोदावरी तेथे गोडे पाणी ओततात. पावसाळा सरला की पूर्व किनाऱ्याचा प्रवाह त्यातले काही पाणी दक्षिणेकडे नेतो. श्रीलंकेला वळसा घालून ते अरबी समुद्रात येते आणि पश्चिम किनाऱ्याने वर चढते.

आता कुंडलिकेकडे परत पाहा. अरबी समुद्रावरून आलेल्या ढगांनी जालन्यात पाऊस पाडला. त्यातले थोडे पाणी गोदावरीतून पूर्वेच्या समुद्रात गेले आणि त्याचा काही अंश भारताला प्रदक्षिणा घालून पुन्हा अरबी समुद्रात आला. वर्गातल्या त्या प्रश्नाला माझे उत्तर हे आहे: आपल्या जिल्ह्याला किनारा नाही, पण आपले पाणी समुद्रातूनच येते आणि समुद्राकडेच जाते. आपण नदीत जे टाकतो, तेही त्याच वाटेने जाते.

आणि एक प्रश्न तुमच्यासाठी. नान्सेन दक्षिण ध्रुवाकडे गेला असता, तर त्याचा बर्फ वाऱ्याच्या कोणत्या बाजूला कलला असता? चकती उलट फिरवून पाहा आणि मगच उत्तर द्या.