आधी आलो, तरी मागे का?

रात्री साडेअकराची कॅज्युअल्टी. विळीवर बोट कापून घेतलेला एक गृहस्थ तासभर बाकावर बसलाय, आणि आत्ता रिक्षातून उतरलेल्या काकांना मात्र केसपेपर निघायच्या आतच स्ट्रेचरवर घालून आत नेलं. "आम्ही काय इथे झक मारायला बसलोय?" मोठ्या रुग्णालयांत हे वाक्य रोज ऐकू येतं. राग समजण्यासारखा आहे. त्यामागचे समज मात्र बहुतेक चुकीचे.

गैरसमज : आधी येईल त्याचा नंबर आधी.

तो नियम ओपीडीचा. इथे हिशेब वेगळा असतो : कोणाला थांबवलं तर जीव किंवा अवयव गमवावा लागेल? या निवडीला ट्राएज म्हणतात. शब्द फ्रेंच, अर्थ 'निवडणं', आपण तांदूळ निवडतो तसं. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यविशारद लारे याने हुद्दा बाजूला ठेवून, जखम पाहून क्रम लावायला सुरुवात केली. दिल्लीच्या एम्समध्ये रुग्णांचे लाल, पिवळा, हिरवा असे गट करतात. ब्रिटनमधल्या मँचेस्टर पद्धतीत पाच रंग आहेत : लाल तत्काळ, नारिंगी 10 मिनिटांत, पिवळा 60, हिरवा 120 आणि निळा 240 मिनिटांपर्यंत. म्हणजे चार तासांची वाट तिथे नियमातच बसते.

गैरसमज : जो जास्त विव्हळतो तो जास्त गंभीर.

सगळ्यात घातक समज हाच. ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे आणि तो शुद्धीवर आहे, एवढं तर ओरडण्यावरूनच कळतं. अनुभवी सिस्टर रडणाऱ्या पोराला ओलांडून निपचित पडलेल्या पोराकडे आधी जाते. रक्ताचंही तेच. डोक्याला खोक पडली की शर्ट भिजतो, पण बहुधा दाबून धरल्यावर रक्त थांबतं. अपघातात पोटातली प्लीहा फुटली तर बाहेर थेंबही दिसत नाही. म्हणून दाराशीच नाडी, रक्तदाब, श्वासाचा वेग, ऑक्सिजन आणि शुद्ध तपासतात, गरज वाटली तर साखरही.

रिक्षातल्या काकांच्या छातीत दुखत नव्हतं. दरदरून घाम आणि धाप, एवढंच. मधुमेह असलेल्यांना, म्हाताऱ्या माणसांना आणि बायकांना हृदयविकाराचा झटका असा गुपचूप येऊ शकतो, आणि घरी 'ॲसिडिटी असेल' म्हणत सोडा पिण्यात मोलाचा वेळ जातो. झटक्याची शंका असेल तर रुग्ण आल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी निघायला हवा. पक्षाघाताचंही घड्याळ असंच पळतं. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांतच देता येतं. तोंड वाकडं झालेल्या माणसाला काहीच दुखत नसतं, तरी तो कापलेल्या बोटाच्या पुढे जातो. "शेवटचे धड कधी होते?" असं डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारतात ते यासाठी.

गैरसमज : ॲम्ब्युलन्सने गेलं की थेट आत घेतात.

नाही. 108 ने आलेल्यालाही तीच तपासणी, आणि प्रकृती स्थिर असेल तर तोच बाक. 108 चा उपयोग वाटेत मिळणाऱ्या उपचारांसाठी.

गैरसमज : पोलीस केस असेल तर पोलीस येईपर्यंत हात लावत नाहीत.

परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच स्पष्ट केलं : जीव वाचवणं आधी, कायदेशीर सोपस्कार नंतर. हे बंधन सरकारी आणि खासगी, दोन्हीकडच्या डॉक्टरांवर आहे.

राहिला वशिला. साहेबांच्या फोनने ऑक्सिजनचा आकडा हलत नाही. रांग कधी कधी हलते, हे खरं. पण तेव्हा मागे सरकलेला माणूस कदाचित तो निपचित पडलेला पोरगा असतो.

आणि एकदा दिलेला रंग कायमचा नसतो. बाकावर बसल्या बसल्या धाप वाढली, पेशंट गुंगायला लागला, घाम फुटला, तर "आमचा नंबर कधी?" असं विचारत बसू नका. काय बदललं ते नेमक्या शब्दांत सिस्टरना सांगा; त्या पुन्हा तपासतील. तोवर पेशंटला चहा-बिस्किट देऊ नका. ऑपरेशनची वेळ आली, तर भूल देण्यासाठी पोट रिकामं लागतं.