चिखलोलीतले टॅरो

टॅरोच्या 22 मोठ्या पत्त्यांची माझी डिजिटल चित्रमालिका यंदा पूर्ण झाली. ती सुरू झाली पामेला कोलमन स्मिथच्या पत्त्यांमुळे. 1909 साली लंडनमध्ये आर्थर वेट यांच्या सांगण्यावरून तिने 78 पत्ते काही महिन्यांत रंगवले. मोबदला तुटपुंजा मिळाला, आणि संचाला नाव लागलं प्रकाशक रायडर आणि वेट यांचं. तलवारी नाहीतर पेले मोजून दाखवण्यापुरत्या छोट्या पत्त्यांत तिने माणसं आणली. त्यात अंथरुणात उठून बसलेली, तोंड झाकून घेतलेली एक व्यक्ती आहे आणि तिच्यामागे नऊ तलवारी. काळजीने झोप उडालेल्या माणसाला तो पत्ता समजावून सांगावा लागत नाही. पत्त्यांकडे मी भविष्य कधीच विचारलं नाही. मनात दडपलेलं बाहेर यायला ते वाट करून देतात, हे मात्र पटलं.

पण तिच्या पत्त्यांतले किल्ले माझ्या स्वप्नात येत नाहीत. म्हणून आराखडा तिचा आणि भूगोल इथला, असं ठरवलं. ‘चंद्र’ अंबरनाथजवळच्या चिखलोली धरणावर उगवला. ‘रथ’ झाली कर्जत लोकल. ‘मनोरा’ तर दरवर्षी खिडकीसमोर उंच होतच होता.

‘एकांतवासी’ सर्वांत जास्त रेंगाळला. तो सापडला अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिरात. तिथला शिलालेख 1060 सालचा. बाहेरच्या भिंतींवर मूर्तींची दाटी, गाभारा मात्र मंडपापेक्षा खाली, पायऱ्या उतरून जायचा, आणि वरून उघडा. पामेलाचा एकांतवासी डोंगरमाथ्यावर कंदील धरून उभा असतो. माझा रिकाम्या हाताने खाली उतरतो आणि उजेड वरून येतो. मूर्तींची गर्दी मी वेगळ्या लेअरवर रेखाटली आणि हळूहळू फिकट करत नेली. चित्र मोठं करून पाहिलं तर ती अजून दिसते. मनातली गर्दीही अशीच राहते, असं मला वाटतं.

पुढे सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पाहिली. 120 गोल पत्ते, दर अवताराचे 12. तिचे सपाट रंग आणि ठाम रेघ पाहून मी माझ्या सगळ्या पत्त्यांवरचं सॉफ्टवेअरचं धुकं काढून टाकलं. मालिकेला खरा चेहरा त्यानंतर आला.

टॅरोचा संच मागवणाऱ्या तरुण चित्रकारांनी एकदा गंजिफाही हातात घेऊन पाहावी. सावंतवाडीच्या राजवाड्यात ती आजही हाताने रंगवली जाते आणि विकतही मिळते.