रेतीखालची भिंत

वर्धा आणि वैनगंगा भेटतात आणि पुढे प्राणहिता म्हणून वाहू लागतात, तिथे तुमडीहेट्टीला बॅरेज बांधायचा विषय तेलंगण सरकारने पुन्हा काढला आहे. बातमी वाचून मी पेपर घडी घालून ठेवला आणि बायकोला म्हटलं, ‘‘आपण परत २००८ सालात आलो.’’ ती म्हणाली, ‘‘मग केस काळे करून घ्या.’’

२००८ साली राजशेखर रेड्डी यांनी प्राणहिता-चेवेल्ला योजनेची पायाभरणी केली होती. तुमडीहेट्टीला १५२ मीटर पातळी धरली तर आमच्या बाजूची १,८५२ एकर जमीन बुडते म्हणून महाराष्ट्राने हरकत घेतली. हे भांडण अनेक वर्षं चाललं. मग तेलंगण वेगळं झालं, चंद्रशेखर राव आले, योजनेची फेरआखणी झाली आणि मुख्य बॅरेज उचलून खाली गोदावरीवर, सिरोंचा तालुक्यातल्या पोचमपल्लीसमोर मेडीगड्डाला नेण्यात आलं. ते मेडीगड्डा २१ ऑक्टोबर २०२३च्या संध्याकाळी खचलं. त्याला २०२५च्या ऑक्टोबरात दोन वर्षं झाली. आणि आता पुन्हा तुमडीहेट्टी.

गोदावरीला अडवायची हौस नवी नाही. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात समुद्रापासून वरपर्यंत गोदावरीतून बोटी चालवायचं ठरवलं होतं. दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवर देवलमरी असे खडकांचे तीन अडथळे ओलांडायचे होते. पैसा ओतला आणि १८७१ साली काम थांबवलं. सिरोंचा तेव्हा अप्पर गोदावरी जिल्ह्याचं ठाणं होतं. पुढे १८७४ साली तो जिल्हाच चांद्यात विरघळला. तिथले इंग्रज अधिकारी कॅप्टन ग्लासफर्ड यांचं नाव तेवढं ग्लासफर्डपेठा गावाला चिकटून राहिलं. मग शंभर वर्षं इंचमपल्लीच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर. १९८०च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध बाबा आमट्यांच्या पुढाकाराने ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं, धरणं थांबली. त्यानंतरचा काळ मला आठवत नाही असं नाही, पण त्यात सांगण्यासारखं कमी आहे. सर्वेक्षण, बैठक, पुढची तारीख. माझी अर्धी नोकरी या तीन शब्दांत बसते.

मी शाखा अभियंता होतो. चंद्रपूरला पॉलिटेक्निकमध्ये शिकताना पठाणपुरा दरवाज्याजवळच्या खोलीत राहायचो. पावसाळ्यात इरई चढली की आम्ही पोरं गोंडराजांच्या परकोटावर चढून पूर बघायचो. शेकडो वर्षांची ती दगडी भिंत एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला गाव धरून उभी असायची. पाणी आत यायचं ते दरवाज्यातून किंवा नाल्यातून. भिंत कायमची असली तरी ती जिथे सांधलेली असते तिथूनच पाणी शिरतं, हे मी पुस्तकाआधी तिथे पाहिलं.

पुस्तकात पुढे शीट पाईल आले. पोलादी पत्र्याचे लांब, घडी पडलेले तुकडे. प्रत्येकाच्या दोन्ही कडांना खाच. एकाची खाच दुसऱ्याच्या खाचेत अडकवायची आणि हातोड्याने जमिनीत ठोकत जायचं, की एक सलग भिंत तयार होते. जर्मनीतल्या ब्रेमेनचे सरकारी अभियंता लार्सेन यांनी १९०२ साली हा प्रकार रुळवला. बंदराच्या धक्क्याला लावलेल्या त्या पहिल्या भिंतीचा काही भाग शंभर वर्षं उलटल्यावरही टिकून होता. लोखंड गंजून जाईल ही आपल्याकडची पहिली शंका. युरोपातल्या संहितेत तिचं उत्तर आकड्यात आहे. नदीच्या गोड्या पाण्यात, जिथे गंज सर्वांत जास्त चढतो त्या पाणरेषेपाशी, ५० वर्षांत साधारण ०.९ मिलिमीटर जाड पोलाद झिजेल असं धरायचं, आणि समुद्राच्या फवाऱ्यात ३.७५ मिलिमीटर. तेवढी जाडी आधीच जास्त घेतली की झालं. म्हणून शीट पाईल हे केवळ खड्ड्याच्या कडा धरायचं तात्पुरतं काम नाही, धक्के आणि नदीकाठच्या भिंती यांनी कायमच्या उभ्या राहतात.

रेतीवरच्या बॅरेजला मात्र ही भिंत काठाला नाही, पोटाखाली लागते. पाणी अडवलं की त्याला वरून जाता येत नाही, म्हणून ते खालून जातं. रेतीतून सरपटत पलीकडे निघतं आणि निघताना जोर असला तर रेतीचे कण घेऊन निघतं. एक कण गेला की दुसऱ्याची वाट मोकळी. अशी आतून नळी पडते, वरचा काँक्रीटचा तळ अधांतरी होतो आणि एक दिवस बसतो. गंगेवरचा नरोऱ्याचा बंधारा १८९८ साली असाच गेला. पंजाबच्या कालव्यांवर काम करणाऱ्या खोसला, बोस आणि मॅकेंझी टेलर यांनी १९३६ साली यावर जो ग्रंथ काढला तो आम्हाला पाठ करावा लागे. त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यात कायमची बसली. पाणी बाहेर पडतं त्या शेवटच्या टोकाला खोल भिंत नसेल, तर रेती उचलण्याचा जोर गणितात अनंत येतो. आमचे सर फळ्यावर अनंताची खूण काढून खडू खाली ठेवायचे आणि म्हणायचे, ‘‘याच्यापुढे गणित नाही, पंचनामा आहे.’’

गोदावरीच्या पात्रात हेच मला एका डांगरवाडीवाल्या ढिवर मामांनी विनाफळ्याचं शिकवलं. उन्हाळ्यात पात्र उघडं पडलं की ते रेतीत आळी करून डांगरं लावायचे. पाण्यासाठी हातभर उकरलं की झरा. ते म्हणाले, ‘‘साहेब, गोदावरी वरून वायते तेवढीच खालून बी वायते. वरची मानसाची, खालची डांगराची.’’ झऱ्याच्या तळाशी रेती कशी बुडबुडते, उकळल्यासारखी हलते, ते त्यांनी बोट ठेवून दाखवलं. खोसलांच्या पुस्तकातली आकृती तिथे माझ्या डोळ्यांदेखत हलत होती.

आता मेडीगड्डाच्या दहा वर्षांकडे येतो.

२०१५च्या जुलैत गोदावरीचा महापुष्कर झाला, कालेश्वरच्या घाटावर माणूस मावत नव्हता. त्याच सुमाराला जरीप आणि बोअरवाल्या गाड्या दिसू लागल्या. २ मे २०१६ रोजी चंद्रशेखर राव यांनी पायाभरणी केली. महाराष्ट्राशी करार झाला २३ ऑगस्ट २०१६ रोजी, मुंबईत. आधी पाया, मग परवानगी. करारात मेडीगड्डाची पातळी १०० मीटर आणि तुमडीहेट्टीची १४८ मीटर ठरली. सिरोंचात मोर्चे निघाले. आमच्याकडच्या पेपरांनी मोर्चा आतल्या पानावर आणि करार पहिल्या पानावर छापला. ती कात्रणं मी ठेवली आहेत.

त्या वर्षीच्या एका बैठकीत मी विचारलं होतं, की एवढ्या लांबीच्या तळाखाली रेती किती खोल आहे, खडक कुठे लागतो, आणि खालची भिंत कसली? साहेब हसले. ‘‘काम त्यांचं, पैसा त्यांचा. आपण जमीन मोजायची.’’ सगळे हसले. मीही हसलो, हे सांगितलं नाही तर हा मागोवा खोटा ठरेल. पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो.

मेडीगड्डाच्या तळाखालची भिंत सीकंट पाइलची होती. आधी साध्या काँक्रीटचे गोल खांब अंतर ठेवून जमिनीत ओतायचे, मग त्यांच्या मधे, दोन्ही बाजूंना थोडं थोडं कापत, सळईचे खांब घालायचे. म्हणजे एकात एक शिरलेल्या खांबांची रांग. खाली खडकात घुसवायची असेल, तर पोलादी पत्र्याला ते जमत नाही. दगडावर पत्रा वाकतो, खाच सुटते आणि वर कुणाला कळत नाही. त्यामुळे पत्रा सोडून काँक्रीट घेतलं म्हणून मी कुणाला दोष देणार नाही. चहाच्या टपरीवरचे तज्ज्ञ ‘‘लोखंड लावलं असतं तर’’ म्हणतात, त्यांच्याशीही मी भांडलो आहे. पत्रा असो की खांब, भिंत तिच्या जोडात असते. दोन खांब खरंच एकमेकांत शिरले का, आणि वरच्या तळाशी ती रांग कशी बांधली, एवढाच प्रश्न. तो रेती टाकून बुजवायच्या आधी विचारायचा असतो.

२१ जून २०१९ रोजी उद्घाटन झालं. दोन्ही तेलुगू राज्यांचे मुख्यमंत्री होते आणि आमचे देवेंद्र फडणवीसही होते. ८५ दरवाजे, दीड किलोमीटरहून लांब, वरून रस्ता. खोटं का बोलू, पहिल्यांदा मोटारसायकलने पलीकडे गेलो तेव्हा छाती फुगली. नावेची वाट बघण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला पूल दिसला की त्याचा विवेक मंद होतो. बाजार जवळ आला, दवाखाना जवळ आला. मागे पाणी चढून डांगरवाड्या गेल्या, तर मामा म्हणाले, ‘‘आता मासे धरू.’’

जुलै २०२२ने ते सगळं धुऊन काढलं. १४ तारखेला बॅरेजवरून २८ लाख क्युसेकच्या वर पाणी गेलं. दोन दिवसांनी भद्राचलमला गोदावरी ७१ फुटांच्या वर चढली. पलीकडे कन्नेपल्लीच्या पंपघराची संरक्षक भिंत कोसळून पाणी पंपांवर आलं, त्याचे फोटो देशभर फिरले. अलीकडे सिरोंच्याच्या गावांत घरंच्या घरं पाण्यात आणि माणसं ताडपत्रीखाली होती, त्यांचे फोटो फार फिरले नाहीत. नोव्हेंबरात शेतकरी सिरोंचाला उपोषणाला बसले. काही जमीन सरकारने विकत घेतली होती, १३८ हेक्टरच्या आसपास राहून गेली होती आणि तिच्यात पाणी येत होतं. मंडपात एकाने मला विचारलं, ‘‘तुम्ही तर इंजिनिअर. मोजणी तुम्हीच केली ना?’’ मी नव्हती केली, पण तसं म्हणायला तोंड उघडलं नाही.

आणि मग २१ ऑक्टोबर २०२३. अंधार पडायच्या सुमारास मोठा आवाज झाला. सातव्या ब्लॉकचे खांब खचले होते. पुलाच्या कठड्याची सरळ रेघ मधेच वाकली होती. पुलावरची वाहतूक बंद. पहिला संशय कुणावर, तर घातपातावर! पोलिसांत तशी तक्रारही झाली. आमच्या भागात कुठलीही गोष्ट मोडली की आधी नक्षलवादी आठवतात, रेती कुणाला आठवत नाही.

राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाचे लोक तीन दिवसांत आले आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांनी लिहून दिलं. नियोजन, आराखडा, दर्जा, देखभाल, सगळ्यांत खोट. तळाखालची रेती वाहून गेली, रेतीला भार सोसेना, वरच्या अंगाचे सीकंट पाइल निकामी झाले. तरंगत्या तळाचा आराखडा होता आणि बांधकाम मात्र ताठर झालं. खालचे काँक्रीटचे ठोकळे पुरात हलले, त्यांची दुरुस्ती झाली नाही. मी ते वाचत होतो आणि कानात खडू खाली ठेवल्याचा आवाज येत होता. पुढे माजी न्यायमूर्ती घोष यांचा आयोग बसला, ३१ जुलै २०२५ रोजी अहवाल आला, तेलंगण विधानसभेत रात्री उशिरापर्यंत चर्चा झाली, प्रकरण सीबीआयकडे द्यायचं ठरलं. कोण दोषी हे ते बघतील. त्या हजारो शब्दांत अलीकडचा काठ किती वेळा आला, हे मी मोजायला बसलो आणि सोडून दिलं.

तुमडीहेट्टीच्या बातमीत पातळी आहे, पाण्याचे टीएमसी आहेत, खर्च आहे. रेती किती खोल, खाली भिंत कसली, तिचा जोड कोण तपासणार, हे नाही. आमच्या सरकारकडून या वेळी कोण बैठकीला जाणार तेही माहीत नाही. जो जाईल त्याने हे तीन प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्यावेत आणि कुणी हसलं तर आपण हसू नये.

परवा पोचमपल्लीला जाऊन आलो. दरवाजे सगळे उघडे, नदी आपली वाहते आहे. मागचं पाणी उतरल्यामुळे पात्रात रेतीचा मोठा पट्टा पुन्हा वर आला आहे. मामा आता नाहीत. त्यांचा नातू तिथे गुडघ्यावर बसून झरा उकरत होता. मी जवळ गेलो तेव्हा पाणी लागलं होतं, आणि तळाशी रेती बुडबुडत होती.