चांदी म्हणजे स्वस्त सोनं नव्हे

‘सोनं आवाक्याबाहेर गेलंय, निदान चांदी तरी घेऊ,’ हे वाक्य धनत्रयोदशीला सराफ्यात हमखास कानावर पडतं. त्या ‘तरी’मध्ये एक मोठा गैरसमज दडलेला आहे. सोनं परवडत नाही म्हणून जो चांदीकडे वळतो, त्याच्या हातात वेगळ्याच स्वभावाचा धातू येतो.

एके काळी चांदी हाच आपला पैसा होता. ‘रुपया’ हा शब्दच रुप्यावरून आला. एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा तो रुपया साधारण दोन शिलिंगांना जाई. 1871 नंतर जर्मनीने सुवर्णचलन स्वीकारलं, इतर देश त्याच वाटेने गेले आणि चांदीचा भाव कोसळला. त्यासोबत रुपयाही घसरला. अखेर 1893 मध्ये सरकारने लोकांकडून चांदी घेऊन रुपये पाडून देणं बंद केलं. चांदीचं राजेपण तिथेच संपलं. आज रिझर्व्ह बँकेच्या साठ्यात 800 टनांहून अधिक सोनं आहे. चांदीच्या पाठीशी असा कोणीच उभा नाही.

तिला आधार आहे तो कारखान्यांचा. जगातली निम्म्याहून अधिक चांदी सौर पॅनेल, इलेक्ट्रॉनिक्स आणि इतर उद्योगांत जाते. शिवाय बहुतेक चांदी शिसं, जस्त आणि तांब्याच्या खाणींत जोडउत्पादन म्हणून निघते. आपल्याकडची चांदीही प्रामुख्याने राजस्थानातल्या जस्त-शिशाच्या खाणींतलीच. त्यामुळे भाव चढला म्हणून उत्पादन लगेच वाढत नाही, आणि मंदी आली की मागणी मात्र लगेच आटते.

त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. जानेवारी 1980 मध्ये अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या साठेबाजीने चांदी औंसाला 50 डॉलरच्या आसपास पोचली आणि मार्चअखेर 11 डॉलरपर्यंत आपटली. 2011 मध्ये तिने पुन्हा ती पातळी गाठली आणि पुन्हा घसरली. 50 डॉलरचा उंबरठा तिने ओलांडला तो 2025 च्या ऑक्टोबरात, पंचेचाळीस वर्षांनी. सोन्याला 1980 चं 850 डॉलरचं शिखर ओलांडायला अठ्ठावीस वर्षं लागली. रुपया घसरत गेल्याने भारतीय खरेदीदाराला ही झळ कमी बसली, पण चांदीची उसळी आणि आपटी सोन्याहून मोठी असते हे खरंच.

मौल्यवान धातूंपैकी उरलेले दोन, प्लॅटिनम आणि पॅलेडियम, याहून लहरी. 2008 मध्ये 2,000 डॉलरपलीकडे गेलेलं प्लॅटिनम त्याच वर्षी 1,000 च्या खाली आलं. मोटारींच्या धूरशुद्धीसाठी लागणारं पॅलेडियम 2022 मध्ये 3,000 डॉलरवर जाऊन दोन वर्षांत निम्म्याहून खाली घसरलं. आपल्या गावच्या पेढीवर हे धातू मोडणंही सोपं नाही.

चांदी घ्यायचीच, तर कोणत्या रूपात? हुपरीचे पैंजण, खामगावची भांडी जरूर घ्यावीत, पण हौसेसाठी. मोडताना मजुरी परत मिळत नाही, टंच (शुद्धता) कमी निघाला तर भावही तुटतो. वीट किंवा नाणं घेतलं तर 3 टक्के जीएसटी आणि जपणुकीची काळजी. 2022 पासून चांदीचे ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात घेता येणारी चांदीच्या फंडांची युनिट्स, मिळतात आणि तिथे मजुरी-घटीचा प्रश्न नाही. मात्र 2025 च्या दिवाळीआधी मागणी एवढी उसळली की ही युनिट्स प्रत्यक्ष चांदीच्या भावापेक्षा महाग विकली गेली आणि काही फंडांनी एकरकमी गुंतवणूक थांबवली. त्या घाईत ज्यांनी घेतलं, त्यांनी चांदीसोबत गर्दीचेही पैसे मोजले.

माझं मत स्पष्ट आहे. आजारपण, शिक्षण, लेकीचं लग्न यांसाठीची पुंजी सोन्यात असावी, कारण अडचणीचा दिवस आपण निवडत नाही. चांदीत तेवढेच पैसे घालावेत, ज्यांची दहा वर्षं आठवण काढावी लागणार नाही, आणि तेही थोडेथोडे. चांदी भरभरून देतेही, पण विकायचा दिवस ज्याच्या हातात आहे त्यालाच.